सोफ्याच्या गाद्यांमधला फोम घरच्या घरी बदलताना

सोफ्यावर बसल्यावर खालची लाकडी पट्टी मांडीला टोचते, उठताना हाताने रेटा द्यावा लागतो, गादीच्या मधोमध कायमचा खड्डा दिसतो. अशा वेळी बहुतेक घरांत नवा सोफा घ्यायची बोलणी सुरू होतात. पण लाकडी सांगाडा फोमपेक्षा कितीतरी जास्त टिकतो, आणि सुट्या गाद्यांचा फोम बदलणं हे घरच्या माणसांना एका सुट्टीच्या दिवसात जमणारं काम आहे. त्यासाठी शिवणयंत्र लागत नाही. मापं मात्र चोख लागतात, कारण या कामात जे बिघडतं त्यातलं बरंचसं माप घेतानाच बिघडलेलं असतं.

इथे सांगितलेली पद्धत सुट्या, उचलून बाजूला ठेवता येणाऱ्या गाद्यांसाठी आहे. कापड थेट लाकडाला पिना मारून बसवलेलं असेल तर ते सोफेवाल्याकडेच द्या. कापड चारी बाजूंनी सारखं ताणून पिना मारायला हात बसलेला लागतो, आणि पहिल्याच प्रयत्नात कापडाला घड्या पडल्या की तेही वाया जातं.

आधी गादीच्या खाली बघा

नवा फोम घातला आणि महिन्याभरात पुन्हा खड्डा पडला, असं झालं की दोष फोमचा नसून खालच्या आधाराचा असतो. म्हणून पहिली परीक्षा अशी: गादी सोफ्यावरून काढून सपाट फरशीवर ठेवा आणि तिच्यावर बसा. फरशीवर बरी वाटली तर फोम ठीक आहे, खालचे पट्टे किंवा स्प्रिंगा सैल झाल्या आहेत. फरशीवरही ढुंगणाला फरशी लागली तर फोम संपला आहे. बऱ्याचदा दोन्ही गोष्टी एकदम झालेल्या असतात, म्हणून सांगाड्यावर हाताचा पंजा ठेवून दाबून बघा.

इलॅस्टिकचे पट्टे असतील आणि ते लोंबत असतील तर बदलायलाच हवेत. दोन इंच रुंदीचा पट्टा घ्या, सांगाड्याच्या मापापेक्षा साधारण दहावा हिस्सा कमी ठेवून तो ताणून बसवा, दोन पट्ट्यांमध्ये दीड-दोन इंचांपेक्षा जास्त फट सोडू नका. आडवे पट्टे उभ्यांच्या खालीवर विणून घ्या. नागमोडी स्प्रिंग असेल तर तिची कडेची क्लिप निसटलेली आहे का ते पाहा. नवी क्लिप ठोकून पकडीने स्प्रिंग परत अडकवता येते. खाली प्लायवूड असेल तर त्याला २० मिलिमीटरची काही भोकं पाडून घ्या. बसल्यावर फोममधली हवा खालून निघाली पाहिजे, आणि कोकणातल्या किंवा मुंबईच्या पावसाळ्यात तर सपाट, भोकं नसलेल्या प्लायवूडवर गादीची खालची बाजू दमट राहून वास धरते.

लोंबणाऱ्या पट्ट्यांवर नुसती प्लायवूडची फळी टाकून वेळ मारून नेता येते. मात्र फळी अजिबात दबत नाही, त्यामुळे तिच्यावर पाच इंचांपेक्षा पातळ फोम ठेवला तर बसणाऱ्याला फळी जाणवतेच.

खोळ धुवा, मग मोजा

चेन उघडा आणि जुना फोम हळूच बाहेर काढा. चेन नसेल तर गादीच्या मागच्या बाजूची शिवण उसवा, पुढची नाही. पायपिनच्या, म्हणजे शिवणीवरच्या गोल दोरीसारख्या काठाच्या, घडीत आणि चेनच्या कडेला ढेकणांचे काळे ठिपके दिसतात का, तेही याच वेळी पाहून घ्या. दिसले तर जुना फोम प्लॅस्टिकमध्ये बांधून थेट बाहेर काढा आणि कापडाला सोसत असेल तर खोळ कडक गरम पाण्यात धुवा. नवा फोम आणण्याआधी सांगाड्याचाही बंदोबस्त करा, नाहीतर नवी गादी आठवड्यात भरून जाईल.

सुती खोळ मोजण्याच्या आधी धुवायची. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. चोवीस इंचांची खोळ एखाद्या इंचाने आटली आणि फोम आधीच कापून आलेला असला, तर चेन बंद होणार नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. माप जुन्या फोमचं घेऊ नका. तो चेपलेला असतो, कडा गोल झालेल्या असतात, उंची इंचभर तरी गेलेली असते. त्या मापाचा नवा फोम खोळीत सैल बसतो आणि नवी गादीही पहिल्या दिवसापासून सुरकुतलेली दिसते. खोळ उलटी करा, जमिनीवर सपाट पसरा आणि शिवणीपासून शिवणीपर्यंत मोजा: लांबी, रुंदी आणि कडेच्या पट्टीची उंची. प्रत्येक गादी वेगळी मोजा. एकाच सोफ्याच्या तीन गाद्यांत अर्ध्या इंचाचा फरक सहज निघतो. खडूने खोळीच्या आत १, २, ३ असे आकडे टाका आणि तेच कागदावर उतरवा.

फोम खोळीपेक्षा थोडा मोठा लागतो, म्हणजे कापड आतून ताणलेलं राहतं. किती मोठा ते असं:

- कापडी खोळ, फोमवर रेक्रॉनची (कापसासारख्या पॉलिएस्टर तंतूंच्या शीटची) गुंडाळी: लांबी आणि रुंदीत प्रत्येकी अर्धा इंच जास्त.
- कापडी खोळ, नुसता फोम: प्रत्येकी एक इंच जास्त.
- रेक्झिन किंवा लेदरेट: खोळीच्या मापाइतकाच. हे कापड ताणलं जात नाही, जास्तीचा फोम शिवणीवर जोर देतो.
- उंची तिन्ही प्रकारांत कडेच्या पट्टीइतकीच.

गादीला पुढे कान असतील, म्हणजे ती सोफ्याच्या हातांच्या पुढून वळत असेल, तर नुसती मापं पुरत नाहीत. तपकिरी कागदावर खोळीची शिवण गिरवून कागद कापा आणि तो मधोमध दुमडा. दोन्ही बाजू जुळल्या नाहीत तर गिरवताना कापड सरकलं आहे, पुन्हा गिरवा.

दुकानात काय मागायचं

जवळजवळ प्रत्येक गावात ‘गादी कारखाना’ अशी पाटी असते आणि तिथे फोम मिळतो. दुकानदार पहिला प्रश्न डेन्सिटीचा विचारेल. डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं किलोमधलं वजन. ४० डेन्सिटीचा घनमीटरभर फोम ४० किलोचा. हा आकडा फोम किती टिकेल ते सांगतो, तो किती कडक आहे ते सांगत नाही. कडकपणा वेगळा सांगावा लागतो: सॉफ्ट, मिडियम किंवा हार्ड. ४० डेन्सिटीचा मऊ फोमही मिळतो आणि २३ डेन्सिटीचा कडकही. कमी डेन्सिटीचा कडक फोम दुकानात हाताने दाबल्यावर भक्कम वाटतो, पण वर्षभराच्या आतच बसतो. नवख्या माणसाची फसगत नेमकी इथे होते.

रोज बसायच्या सोफ्याला ४० डेन्सिटी मिडियम घ्या. क्वचित वापरल्या जाणाऱ्या खोलीतल्या सोफ्याला ३२ चालेल. पाठीच्या कुशनला २८ ते ३२ चा मऊ फोम पुरतो, तिथे अंगाचं वजन कमी येतं. एचआर (हाय रेझिलियन्स, म्हणजे जास्त लवचिक) फोम महाग असतो, पण दाबल्यावर लवकर वर येतो. घरात सतत माणसांची ये-जा असेल तर तो घ्यावा असं आमचं मत आहे. रिबॉन्डेड म्हणजे फोमचे तुकडे दाबून केलेला, रंगीबेरंगी दिसणारा जड फोम. खाली एक इंचाचा थर म्हणून तो उत्तम, पण पूर्ण गादी त्याची केली तर बाकावर बसल्यासारखं वाटतं. मेमरी फोम बैठकीला नको. तो हळूहळू वर येतो, शिवाय उकाड्यात अंगाला गरम लागतो.

पाच इंचांच्या गादीसाठी एक जुळणी चांगली बसते: खाली ४ इंच ४० डेन्सिटी, वर १ इंच ३२ डेन्सिटी सॉफ्ट. वर मऊ लागतं, खाली आधार राहतो. घरात गुडघे दुखणारी वडीलधारी माणसं असतील तर वरचा मऊ थर टाळा, पूर्ण पाच इंच ४० चाच घ्या. गादी फार दबली की गुडघे कमरेच्या वर जातात आणि उठणं अवघड होतं. दबलेल्या गादीची जमिनीपासून उंची १७-१८ इंच राहिली तर बहुतेकांना उठबस सोपी जाते.

आता तीन गाद्यांचा हिशेब मांडून बघू. खोळ २४ बाय २४ बाय ५, वर रेक्रॉन येणार, म्हणून फोम साडेचोवीस बाय साडेचोवीस बाय पाच. दुकानात ७२ बाय ३६ इंचांची शीट असते. चोवीसचे तीन तुकडे ७२ मध्ये बसतात, म्हणून घाईत तीच शीट घेतली जाते. पण साडेचोवीसचे तीन म्हणजे साडेत्र्याहत्तर इंच, आणि तिसरा तुकडा दीड इंच आखूड पडतो. ७५ बाय ३६ ची शीट घ्या किंवा तीन तुकडे मापाने कापून मागा. ७५ च्या शीटमधून तीन तुकडे काढल्यावर साडेअकरा इंच रुंदीची लांब पट्टी उरते. तीही घरी आणा. हाताच्या टेकणीला, लोडाला किंवा बाकावरच्या पातळ बैठकीला ती लागते.

डेन्सिटी खरी आहे का हे तपासायला वजनकाटा पुरतो. लांबी, रुंदी आणि जाडी इंचांत घेऊन त्यांचा गुणाकार करा, त्याला ६१,००० ने भागा आणि आलेल्या संख्येला डेन्सिटीने गुणा. उत्तर किलोत येतं. आपल्या तुकड्याचं गणित: साडेचोवीस गुणिले साडेचोवीस गुणिले पाच म्हणजे सुमारे ३,०००. भागिले ६१,०००, गुणिले ४०, म्हणजे जवळपास दोन किलो. तोच तुकडा ३२ डेन्सिटीचा असेल तर दीड किलोच्या जरा वर आणि २८ चा असेल तर एक किलो चारशे ग्रॅमच्या आत भरेल. शंभर-दीडशे ग्रॅमचा फरक सोडून द्या. चारशे ग्रॅम कमी भरले तर ४० च्या नावाखाली ३२ चा फोम हातात आलेला आहे. वजन वाढवण्यासाठी फोममध्ये भुकटीही मिसळली जाते, म्हणून कापलेली कड बोटांनी चोळून पाहा. बोटांवर पांढरी पूड आली तर दुसरा तुकडा मागा.

फोमखेरीज लागणारं सामान असं: ६० इंच पन्ह्याचं रेक्रॉन शीट ३ मीटर, फोमला चालणारा रबरी गोंद एक छोटा डबा, दाभण आणि नायलॉनचा दोरा, जमल्यास आतल्या अस्तरासाठी मांजरपाट. फोम गुंडाळी करून किंवा हवा काढून बांधून आला असेल तर तो उघडून २४ ते ४८ तास सावलीत पसरून ठेवा, मगच मोजा आणि कापा. दबलेला फोम कापला तर नंतर तो फुगून मापाबाहेर जातो. नव्या फोमचा वासही याच दोन दिवसांत बराचसा उडतो. उन्हात मात्र ठेवू नका. उन्हाने फोम पिवळा पडतो आणि वरचा थर ठिसूळ होऊन भुगा होऊ लागतो.

कापणं

सरळ चौकोन दुकानातूनच कापून घ्या. त्यांच्याकडे यंत्र असतं आणि पाच इंच जाडीत काटकोन राखणं हाताला अवघड जातं. कान असलेला आकार किंवा गोल कोपरा मात्र घरी कापलेला बरा, कारण खोळ आपल्या समोर असते.

लांब पात्याची, दातेरी, ब्रेड कापायची सुरी घ्या. तीन इंचांपर्यंतच्या जाडीला मोठं पातं पूर्ण बाहेर काढलेला कटरही चालतो. हॅक्सॉचं पातं वापरायचं तर एका टोकाला जाड फडकं घट्ट बांधून मूठ करा. फोम टेबलावर अशा तऱ्हेने ठेवा की कापायची रेघ टेबलाच्या कडेपासून जराशी बाहेर राहील. रेघ वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही बाजूंना मारा आणि गुण्या लावून दोन्ही रेघा एकाखाली एक आल्या आहेत ना ते बघा. स्केचपेनचा रंग फिक्या कापडातून दिसू शकतो, म्हणून रेघ खडूने किंवा पेन्सिलीने ओढा.

पहिल्या फेरीत पूर्ण रेघेवर एक इंच खोल कापा. दुसऱ्या फेरीत आणखी खोल जा. सुरी लांब ओढीने पुढे-मागे चालवा, खाली रेटू नका. दुसऱ्या हाताने फोम दाबून धरायचा मोहही टाळा. दाबलेल्या अवस्थेत कापलेली कड हात सोडल्यावर आत वळते आणि गादीची बाजू वाटीसारखी पोकळ दिसते. एखादी कड तशी झालीच, तर एक इंचाची पट्टी चिकटवून ती पुन्हा सरळ कापा.

थर चिकटवणं आणि रेक्रॉन

दोन थर जोडायला पांढरा फेव्हिकॉल वापरू नका. तो वाळल्यावर कडक पापुद्रा होतो आणि बसताना करकर वाजतो. रबरी गोंद दोन्ही पृष्ठभागांवर पातळ लावा, डब्यावर लिहिलेला वेळ थांबा. साधारण दहा-पंधरा मिनिटांत बोट लावल्यावर चिकट लागतो पण बोटाला येत नाही, तेव्हा थर एकमेकांवर ठेवा. एकदा टेकले की सरकवता येत नाहीत, म्हणून एका कडेपासून सुरुवात करा आणि दोघांनी मिळून ठेवा. कडेचा एक इंच पट्टा कोरडा सोडा, म्हणजे कडेला गोंदाची कडक रेघ जाणवणार नाही.

हा गोंद आणि त्याची वाफ, दोन्ही पटकन पेट घेतात. स्वयंपाकघराशेजारी हे काम नको. देवघरातली समई आणि उदबत्ती विझवा, खिडक्या उघडा. फोम स्वतःही भराभर जळतो आणि त्याचा धूर विषारी असतो. म्हणून उरलेले तुकडे किंवा जुना फोम कधीही जाळू नये. पालिकेच्या सुक्या कचऱ्यात किंवा मोठ्या वस्तूंच्या गाडीत द्यावा.

रेक्रॉनची गुंडाळी फोमच्या कडा मऊ करते, गादीला मधोमध हलकी फुगवट देते आणि खोळ सरकवायला मदत करते. प्रत्येक गादीला ५४ बाय साडेएकोणतीस इंचांचा तुकडा लागतो. त्याची सुरुवात मागच्या वरच्या कडेपासून, मग वरून पुढे, पुढची कड झाकून खालून मागे. दोन्ही बाजूंना अडीच-अडीच इंच दुमडतात आणि कडेच्या मध्यावर भेटतात. तिथे मोठे सैल टाके घाला. मागची बाजू, म्हणजे चेनकडची, मोकळीच ठेवा. तिथे रेक्रॉन असलं की ते चेनच्या दातांत अडकतं.

मांजरपाटाचं अस्तर घातलं तर पुढच्या वेळी खोळ धुवायला काढताना रेक्रॉन ओढलं जात नाही. ज्यांच्या घरी खोळी वरचेवर धुतल्या जातात त्यांनी ही मेहनत जरूर घ्यावी.

खोळीत भरणं

सगळ्यांची दमछाक इथे होते. युक्ती अशी: गुंडाळलेला फोम एका मोठ्या, पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर त्याची नळी पिशवीच्या तोंडाशी धरून हवा ओढा, फोम निम्मा होतो. नसेल तर एकाने फोमवर गुडघे टेकून हवा काढावी, दुसऱ्याने पिशवीचं तोंड आवळावं. आता फोम मधोमध दुमडून खोळीत सारा, पुढचे दोन कोपरे आधी बसवा, मग मागचे. प्लॅस्टिक कापडावर घसरतं, त्यामुळे फोम सहज आत जातो. कोपरे बसले की पिशवी फाडून बाहेर ओढा. आत ठेवली तर हवा अडते आणि प्रत्येक वेळी कुरकुर ऐकू येते. लहान मुलं असलेल्या घरात ही पिशवी लगेच कचऱ्यात टाका.

चेन लावण्याआधी हात आत घालून शिवणीचं जास्तीचं कापड कडेच्या पट्टीकडे वळवा. ते वरच्या बाजूला राहिलं तर कडेने वळ उमटतो. चेनच्या दातांवर मेणबत्ती घासा. लावताना दोन्ही बाजूंचं कापड एका हाताने जवळ आणा आणि रनर दुसऱ्याने ओढा. रनरच्या जोरावर चेन बंद करू गेलात तर दात निसटतात. शिवण उसवली असेल तर दाभणाने, दुहेरी दोऱ्याने, घडीच्या आतून एकदा या बाजूचा आणि एकदा त्या बाजूचा टाका घेत जा आणि दर चार-पाच टाक्यांनी दोरा ओढा.

रेक्झिनच्या गादीला मागच्या बाजूने हवा जायला दोन-तीन आयलेट, म्हणजे धातूची कडी बसवलेली भोकं, असायला हवीत. नसतील तर बसवून घ्या. हवेला वाट नसली की बसल्याबरोबर सगळा दाब शिवणीवर येतो आणि ती कोपऱ्यात फाटते.

भरून झाल्यावर काय बिघडलेलं दिसतं

कोपरे रिकामे दिसत असतील तर फोम कापू नका. रेक्रॉनची मूठभर चुरगळी कोपऱ्यात खुपसा. गादी केळीसारखी वर वाकली असेल तर फोम मोठा झाला आहे. पाव-पाव इंच करून मागच्या कडेने कमी करा, पुढची कड तशीच राहू द्या. वरचं कापड सैल असेल पण कडा घट्ट असतील तर उंची कमी पडली आहे. तिथे फोमच्या वर रेक्रॉनचा आणखी एक थर घाला.

पहिले दोन-तीन आठवडे गादी कडक वाटेल, विशेषतः एचआर फोमची. या काळात तिला नावं ठेवून फोम बदलायला जाऊ नका, वापराने ती थोडी सैलावते. तीन गाद्यांपैकी दूरदर्शनसमोरची नेहमी जास्त वापरली जाते, म्हणून महिन्यातून एकदा गाद्यांच्या जागा बदला. दोन्ही बाजूंनी सारख्या असलेल्या गाद्या उलट्याही करा. मात्र मऊ थर एकाच बाजूला असलेली गादी उलटी करायची नाही. ती कोणती हे लक्षात राहावं म्हणून चेनच्या आत, मऊ थराच्या बाजूला, रंगीत दोऱ्याचा एक टाका घालून ठेवा.